कागदाच्या एका बाजूस

नियम मीच लिहिले, सावद्याच्या वाचनालयात बसून,
कीर्तन स्पर्धेच्या जुन्या नियमांवरून, दुपारची झोप आवरत :
विनोदी एकांकिका. लेखक नवा हवा.
चाळीस मिनिटं. पात्रं सहाच्या आत.
मजकूर कागदाच्या एकाच बाजूस असावा.
पहिलं बक्षीस पंधराशे एक, दुसरं कुकर,
भांडीवाल्या झांबरेंकडून.
शिट्टी मागाहून देतो म्हणाले, आणि एकटेच हसले.

एकतीस संहिता आल्या.
सतरांत नवरा बहिरा.
नवांत पाहुणा जाता जात नाही.
एकीत दोन्ही.
वारके सर लाल पेनानं लिहीत : संघर्ष कमी.
बेंडाळे बाई ऱ्हस्व-दीर्घ मोजत.
मी चहा सांगायचो, आणि कुणी हसतंय का बघायचो.
तीन संध्याकाळी एकदाही कप हिंदकळला नाही.

शेवटची खताच्या पिशवीतून निघाली.
वजनकाट्याच्या पावत्या, रबरात आवळलेल्या, एकशे बारा.
मागे बारीक अक्षर. पुढे छापील रकाने :
गाडी नंबर, भरलेलं, रिकामं, निव्वळ.
हुरमत नामदार तडवी, वय एकवीस,
चिनावल रस्त्यावरच्या काट्यावर बसते.
सर म्हणाले, हे नियमात बसतं?
बसतं. एकाच बाजूस लिहिलंय.
दुसरी बाजू आधीच केळीनं भरलेली.

तर मुलीचा बाप वऱ्हाडाला सांगतो,
जेवणाआधी सगळ्यांनी ट्रॅक्टरसकट काट्यावर यायचं,
जेवणानंतर पुन्हा.
जो फरक निघेल त्याचे पैसे मुलाकडच्यांनी मोजायचे.
पहिल्या खेपेला मामा खिशात दगड घालून चढतो.
दुसऱ्या खेपेला चपलासुद्धा उतरवतो.
'किती भरीत गेलं रे भो?'
'निव्वळ एकशे चाळीस. मामांचे दगड धरून.'

इथे बाईंनी पदर तोंडाला लावला,
माझ्या हातात रबर तुटलं,
आणि पंखा पाचावर होता.
तिघे परीक्षक गुडघ्यांवर, बाकांखाली, हातात पावत्या.
तिनं पानांना आकडे घातले नव्हते,
नियमात नव्हतंच तसं.
आम्ही छापील नंबरांप्रमाणे लावल्या.
मग वऱ्हाड जेवायच्या आधीच ढेकर देत उतरलं,
मामानं आधी दगड फेकले, मग गोळा केले,
आणि आम्ही आणखीच हसलो.
सरांचं पेन उघडं राहिलं. सदऱ्यावर लाल डाग.

तरी पहिला नंबर टाईप केलेल्या बहिऱ्याला गेला.
बसवायला सोपं, सर म्हणाले. मी मान हलवली.
ती कुकर घ्यायला आली, झाकण फिरवून बघितलं,
मग विचारलं, 'सर, पावत्या मोजल्या व्हत्या ना?
एकशे बारा व्हत्या.'
हो हो, म्हटलं. लोक फोटोसाठी थांबले होते.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात चुना मारायला कपाट सरकवलं.
खाली तीन पेन्सिली, एक मेलेली पाल,
आणि ती.

आखाजीला लेक माहेरी येते.
बाप गमतीनं म्हणतो, चढ गं काट्यावर.
ती चढते. एकटीच. एवढ्या मोठ्या काट्यावर.
काटेवाला बघतो. पुन्हा बघतो.
'काका, आपला काटा दहा किलोच्या आतला फरक दाखवत नाही.'
(सगळे हसतात.)

मी उलटून बघितलं.
गाडी नंबर : काही नाही.
वजन : पन्नास.

यंदा नियमांत वाढवायचंय,
पानांना क्रमांक घालावेत.
सकाळपासून तेवढी एक ओळ लिहायला बसलोय.
झांबरेंनी शिट्टी पाठवलीय, टेबलावर आहे.
चिनावल रस्ता सायकलनं पंधरा मिनिटं.